पलीकडचा प्लॉट रिकामा आहे तोवर

सहाव्या मजल्याचे दिवे पुन्हा गेले. "ताई, सहावा गेला," असं असिस्टंट म्हणतो न म्हणतो तोच नवव्याचेही गेले. रस्त्याच्या या बाजूला, दुसऱ्याच एका इमारतीच्या पार्किंगच्या वरच्या मजल्यावर ट्रायपॉड रोवलेला. कॅमेऱ्यावरची नजर न काढता ती फोनवर म्हणाली, "भैया, छठे पे किसी को चलाओ. दौडाओ मत, चलाओ." समोर काचेआड हाउसकीपिंगचा एक मुलगा मजल्याच्या या टोकापासून त्या टोकाकडे चालू लागला. तो जसा सरकला तसे त्याच्या डोक्यावरचे दिवे लागत गेले.

वीज वाचवायची म्हणून या इमारतीत माणूस हलला तरच दिवे लागतात. रविवार होता, सगळी कचेरी रिकामी. फोटोत मात्र ती सगळी उजळलेली हवी. त्यामुळे चार मुलं चौदा मजले वाटून घेऊन येरझाऱ्या घालत होती, आणि शटर पडायच्या क्षणी त्यांनी खांबामागे जायचं होतं. वेळ थोडा होता. हैदराबादच्या अक्षांशावर सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो. मावळल्यापासून आकाश पुरतं काळवंडेपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं मिळतात, आणि त्यातही आकाशाची निळाई नि आतल्या दिव्यांचा उजेड एका तोलाचे असतात ती जेमतेम आठ-दहा. युरोपातले फोटोग्राफर याच वेळेत ट्रायपॉड उचलून दुसऱ्या कोपऱ्यावर जातात. इथे एकच कोपरा निवडायचा आणि त्याच्याशी प्रामाणिक राहायचं.

संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय 'वाढती शहरं' असा दिला, तेव्हा मला सांगितलं होतं की शहरांबद्दल बाकीचे लिहितीलच, तू शहराचे फोटो काढणाऱ्यांकडे बघ. वास्तूंचे फोटो काढण्यावर पोट असलेली एक जुनी मैत्रीण पुण्यात आहे. आर्किटेक्ट, बिल्डर, कधी काचा किंवा दिवे बनवणाऱ्या कंपन्या तिला कामं देतात आणि वर्षातला बराच काळ ती गावोगाव फिरते. हैदराबादच्या एका कामावर मी तिच्याबरोबर गेलो. ग्राहकांशी केलेल्या करारांत गुप्ततेचं कलम असतं, म्हणून इथे ना तिचं नाव आहे, ना त्या इमारतींची.

सोलापूर रस्त्याने

विमानाने जाणं तिला परवडतं, सामानाला परवडत नाही. लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या चेक-इन सामानात चालत नाहीत, त्या हातातल्या बॅगेत न्याव्या लागतात. कॅमेरा आणि भिंगं तर कुणी दुसऱ्याच्या हवाली करतच नाही. उरतो ट्रायपॉड, दिवे आणि रंगारी वापरतात तसला ॲल्युमिनियमचा घोडा. या घोड्यावर चढलं की नजर माणसाच्या उंचीपेक्षा पाच फूट वर जाते आणि तेवढ्याने गाड्यांची टपं, कुंपणाच्या भिंती खाली पडतात. तो विमानात जात नाही. म्हणून ती पुण्याहून गाडीनेच निघते: सोलापूर, नळदुर्ग, उमरगा, मध्ये कर्नाटकाचा एक तुकडा, मग जहिराबाद, संगारेड्डी. साधारण साडेपाचशे किलोमीटर.

या रस्त्याने गेलं की एक गंमत होते. महाराष्ट्रातून येणारा माणूस शहरात पश्चिमेकडून शिरतो, आणि गेल्या पंचवीस-तीस वर्षांत हैदराबाद मुख्यतः पश्चिमेकडेच वाढलं. १९९८मध्ये पंतप्रधान वाजपेयींच्या हस्ते माधापूरच्या खडकाळ माळावर सायबर टॉवर्स ही दहा मजली गोल इमारत उघडली, तेव्हा तिच्याभोवती फारसं काही नव्हतं. आज ती शोधावी लागते. पटाणचेरूपाशी १५८ किलोमीटरचा बाह्यवळण रस्ता लागतो, त्यावरून गच्चीबावली, नानकरामगुडा, कोकापेट. काम इथेच असतं, हॉटेल इथेच, जेवण इथेच. चारमिनार, मुसी नदी, पत्थरगट्टी हे सगळं पंधरा-वीस किलोमीटर पूर्वेला राहतं. तिच्या ओळखीच्या काही फोटोग्राफरांनी हैदराबादेत दहा-दहा कामं केली आहेत आणि चारमिनार पाहिलेला नाही. मला हे ऐकून वाईट वाटलं. तिला वाटलं नाही. "पुण्यात येणारे माझे लोक शनिवारवाडा कुठे बघतात? बालेवाडीतून परत जातात," ती म्हणाली.

उंचीला कुंपण नाही

मुंबई-पुण्याच्या वाचकाला एफएसआय हा शब्द समजावून सांगायला नको. निम्मं राजकारण त्याच्यावर चालतं. हैदराबादेत २००६ पासून त्याची मर्यादाच काढून टाकलेली आहे. किती उंच बांधायचं ते ठरतं समोरच्या रस्त्याच्या रुंदीवरून, चहूबाजूंनी सोडायच्या मोकळ्या जागेवरून आणि विमानतळवाल्यांच्या ना-हरकतीवरून. जमीन महाग होत गेली तशा इमारती वर गेल्या. २०२३च्या ऑगस्टमध्ये कोकापेटच्या सरकारी लिलावात एका भूखंडाला एकरी शंभर कोटींच्या वर भाव आला. एवढे पैसे मोजून घेतलेल्या जमिनीवर कुणी सहा मजले बांधणार नाही.

याचा फोटोशी संबंध थेट आहे, आणि तो समजायला थोडी भूमिती लागते. इमारतीसमोर उभं राहून कॅमेरा वर केला की तिच्या उभ्या कडा आत झुकतात, इमारत मागे कलंडल्यासारखी दिसते. फोनवर आपण हे चालवून घेतो, आर्किटेक्ट घेत नाही. त्याने ओळंबा लावून बांधलेली भिंत त्याला ओळंब्यातच हवी असते. त्यावर उपाय असा, की कॅमेरा अजिबात वर करायचा नाही. तो जमिनीला काटकोनात, इमारतीला समांतर ठेवायचा आणि नुसतं भिंग वर सरकवायचं. यासाठी असतं शिफ्ट लेन्स. निकॉनने पस्तीस मिलिमीटर कॅमेऱ्यासाठी असं पहिलं भिंग १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला आणलं. त्याआधी हे काम भात्याच्या मोठ्या कॅमेऱ्याने होई.

तिचं आवडतं भिंग चोवीस मिलिमीटरचं आहे आणि ते बारा मिलिमीटर सरकतं. कॅमेरा उभा धरला, भिंग पूर्ण वर सरकवलं, तर जितके मीटर मागे उभे राहाल त्याच्या सव्वापट उंची फोटोत मावते. म्हणजे दीडशे मीटरचा टॉवर जमिनीवरून टिपायचा तर सुमारे एकशे वीस मीटर मागे जायला हवं, आणि तेही कळस फोटोच्या कडेला चिकटवून. वर जरा आकाश ठेवायचं तर आणखी मागे. कोकापेटमध्ये दोन टॉवरांच्या मध्ये एवढी जागा फक्त एकाच परिस्थितीत सापडते: पलीकडचा प्लॉट अजून रिकामा असेल तर.

तिच्या धंद्याचं गुपित एवढंच आहे, असं मला तिच्याबरोबर फिरताना वाटत गेलं. आपण समजतो की वास्तूचा फोटो म्हणजे जागेची नोंद. वाढत्या शहरात तो तारखेची नोंद असतो. परांची उतरली, काचा पुसल्या, बाग लावली, पण समोरच्या प्लॉटवर खोदकाम सुरू झालेलं नाही, असा एक काळ इमारतीच्या आयुष्यात येतो. कधी तो वर्षभराचा असतो, कधी पंधरा दिवसांचा. नंतर ती इमारत पुन्हा कधीही पायथ्यापासून माथ्यापर्यंत दिसत नाही. राहणाऱ्यांनाही नाही, बांधणाऱ्यालाही नाही. ब्रोशरातल्या त्या एका फोटोत तेवढी दिसते.

म्हणून फोनवर कामाची बोलणी होतात तेव्हा तिचा पहिला प्रश्न पैशांचा नसतो. "समोर काय आहे?" असं ती विचारते. बिल्डर सांगतो, "मोकळंच आहे, मॅडम." मग ती उपग्रहाचा नकाशा उघडून बसते आणि मोकळ्या जमिनीवर पत्र्याचं निळं कुंपण दिसतंय का ते बघते. कुंपण दिसलं की घाई करायची.

या रिकाम्या प्लॉटांवर काय असतं तेही बघण्यासारखं आहे. दगड असतात. हैदराबादचा ग्रॅनाइट सुमारे अडीचशे कोटी वर्षांचा आहे, आणि झिजता झिजता त्याचे एकावर एक ठेवल्यासारखे प्रचंड गोटे उरले आहेत. ते वाचवण्यासाठी 'सोसायटी टू सेव्ह रॉक्स' ही संस्था १९९६ पासून झगडते आहे. काही खडकरांगा राखल्या गेल्या, बऱ्याच सुरुंगाने फुटल्या. आम्ही उभे होतो तिथून दुपारी एक भोंगा ऐकू आला, मग धप्प असा आवाज आणि पाठोपाठ पांढरा धुरळा. ती शांतपणे भिंगावर टोपी घालून बसली. अर्धा तास कामाला सुट्टी.

उत्तरेचं ऊन

आर्किटेक्टला काच उत्तरेकडे ठेवायला आवडतं. तिथून उजेड येतो, ऊन येत नाही, वातानुकूलनाचा खर्च कमी होतो. साहजिकच इमारतीची सर्वांत देखणी बाजू पुष्कळदा उत्तरेची असते. आणि नेमकी तीच हिवाळ्यात दिवसभर सावलीत. डिसेंबरमध्ये दुपारी बारालाही सूर्य दक्षिणेकडे झुकलेला, क्षितिजापासून पन्नास अंशांच्याही खाली. फोटोत उत्तरेची भिंत राखाडी येते.

मग ऊन कधी मिळतं? मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात हैदराबादेत शून्य सावलीचा दिवस येतो, भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर. त्यानंतर ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत भरदुपारचा सूर्य थोडा उत्तरेला असतो, आणि सकाळ-संध्याकाळ तर चांगलाच. म्हणजे उत्तरेच्या भिंतीवर तिरपं ऊन हवं असेल तर मे आणि पावसाआधीचा जून. तेव्हा पारा चाळिशीपार असतो, आकाश पांढरं असतं, बाग करपलेली असते. पावसानंतर आकाश धुऊन निघतं, झाडं हिरवी होतात, दहा-बारा किलोमीटरवरचा टॉवर स्पष्ट दिसतो, पण तोवर उत्तरेचं ऊन गेलेलं असतं. अशी सगळी ओढाताण. ती शेवटी सप्टेंबर-ऑक्टोबर पसंत करते आणि उत्तरेचे फोटो संधिप्रकाशात काढते.

संधिप्रकाशाला आणखी एक कारण आहे. दिवसा काच म्हणजे आरसा. तिच्यात आकाश दिसतं, आणि आकाशाबरोबर समोरच्या क्रेन, होर्डिंगं, शेजारचा टॉवर हेही दिसतं. इमारतीचा फोटो काढायला जावं आणि शेजाऱ्याचा यावा. सूर्य मावळला की पारडं फिरतं. आतला उजेड बाहेरच्यापेक्षा जास्त होतो आणि आरशाची खिडकी होते.

मी शहाणपणा करून विचारलं, पोलरायझर फिल्टर का लावत नाहीस, प्रतिबिंबं जातील की. तिने काही न बोलता तो लावला आणि कॅमेऱ्याचा पडदा माझ्याकडे वळवला. काचेवर बिबट्यासारखे ठिपके उमटले होते. इमारतींना लावतात ती टफन केलेली काच भट्टीतून काढून झपाट्याने थंड केलेली असते. तो ताण काचेत राहतो आणि या फिल्टरमधून डाग होऊन दिसतो. शिवाय समोरासमोर उभं राहिलं तर फिल्टर तसा निरुपयोगीच, त्याला तिरपा कोन लागतो.

गेटवर

या कामातला फोटो काढण्याचा भाग किती, असा प्रश्न पडावा इतका वेळ गेटवर जातो. मालकाची परवानगी असते, ईमेल असतो, व्यवस्थापकाचा फोन नंबर असतो. पण गेटवरच्या माणसाला यातलं काही कळवलेलं नसतं. "नक्को मेडम, कैमरा नक्को. साब बोलेंगे तो खोलतूं," असं दखनीत ऐकलं की मराठी माणसाला घरच्यासारखं वाटतं, गेट मात्र उघडत नाही. साहेब उचलेपर्यंत सकाळचं ऊन कोपरा सोडून गेलेलं असतं. म्हणून ती आदल्या दिवशी दुपारी येऊन सगळ्या पाळ्यांच्या सुरक्षारक्षकांना भेटते, चहा पाजते, नावं विचारते. याला ती 'रेकी' म्हणते. रेकीत सूर्य बघितला जातो, पण मुख्यतः माणसं बघितली जातात.

खरी अडचण असते समोरच्या इमारतीची. उंच टॉवरचा चांगला फोटो टॉवरच्या आवारातून निघतच नाही. समोरच्या कुणाच्या तरी गच्चीवरून, मधल्या उंचीवरून निघतो. कॅमेरा मध्यावर ठेवला की वर-खाली सारखीच इमारत मावते आणि भिंग फार सरकवावं लागत नाही. पण समोरच्याने का परवानगी द्यावी? कधी तो स्पर्धक बिल्डर असतो. कधी रहिवासी संघाचा सेक्रेटरी असतो आणि त्याच्या मनात या नव्या टॉवरने आपला देखावा अडवल्याचा राग असतो. एका सेक्रेटरीने तिला अट घातली होती की आमच्या गच्चीवरच्या टाकीला गळती आहे, तिचे फोटो काढून द्या, प्लंबरला पाठवायचे आहेत. तिने शिफ्ट लेन्स लावून टाकीचे फोटो काढून दिले. टाकी ओळंब्यात.

ड्रोनने हा प्रश्न सुटला असं बाहेरून वाटतं. २०२१च्या नियमांनी देशाचं आकाश हिरवं, पिवळं आणि लाल असं रंगवून दिलं आहे. हिरव्यात चारशे फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही, विमानतळाजवळच्या पिवळ्यात लागते, लालमध्ये केंद्र सरकारला विचारल्याशिवाय जायचंच नाही. हैदराबादभोवती शमशाबादचा विमानतळ, बेगमपेटचा जुना, हकीमपेट आणि दुंडीगलचे हवाई दलाचे तळ, शिवाय संरक्षण संशोधनाच्या प्रयोगशाळा. नकाशावर हिरवं शोधावं लागतं. ती स्वतः ड्रोन उडवत नाही, परवानाधारक स्थानिक मुलाला बोलावते. त्याला आकाश आणि पोलीस ठाणी दोन्ही पाठ असतात.

जुन्या शहराचे नियम निराळे. चारमिनार, गोवळकोंडा हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत. तिथे हातात कॅमेरा चालतो, पण ट्रायपॉडला आधी परवानगी काढावी लागते. तीन पायांवर उभा राहिला की कॅमेरा व्यावसायिक ठरतो. फोनने आज काय काय काढता येतं ते पाहता ही हद्द गमतीची वाटते, पण हद्द आहे.

दीनदयाळांची उभी रेष

एका दुपारी ऊन फार कडक होतं आणि काम संध्याकाळी होतं, म्हणून मी एकटाच जुन्या शहरात गेलो. या शहरात फिरत्या वास्तुछायाचित्रकाराचा धंदा नवा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इथे लाला दीनदयाळ होते. रुडकीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकून ते इंदूरला, होळकरांच्या राजधानीत, सार्वजनिक बांधकाम खात्यात नक्षानवीस म्हणून लागले. फोटोग्राफी तिथे धरली. ब्रिटिश अधिकारी सर लेपेल ग्रिफिन यांच्यासाठी मध्य भारतातली स्मारकं टिपली, त्याचं पुस्तक १८८६ साली निघालं. मग सहाव्या निजामाचे, मीर महबूब अली खान यांचे, दरबारी छायाचित्रकार झाले. सिकंदराबादला स्टुडिओ, पुढे मुंबईतही स्टुडिओ. त्यांच्या काचेच्या हजारो निगेटिव्ह आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत.

त्यांचे राजवाड्यांचे फोटो बघताना मला आता उभ्या कडा आधी दिसतात. सगळ्या ओळंब्यात. नकाशे काढणारा हात होता तो, दुसरं काय होणार? आणखी एक दिसतं: आजूबाजूला मोकळी जमीन. त्या राजवाड्यांनाही पूर्ण दिसण्याचा तेवढाच काळ मिळाला होता.

१८८८ सालचा सैफाबाद राजवाडा पुढे आंध्रच्या आणि मग तेलंगणाच्या सचिवालयाचा 'जी ब्लॉक' झाला होता. जुन्या सचिवालयाबरोबर २०२० साली तो पाडला गेला आणि त्याच आवारात घुमटांचं पांढरं नवं सचिवालय एप्रिल २०२३मध्ये उघडलं. नव्या इमारतीचे फोटो हजारोंनी आहेत. त्यांतले बरेचसे हुसेनसागराच्या बाजूने काढलेले, कारण तलावात कुणी टॉवर उभा करू शकत नाही. इर्रम मंजिल हा दुसरा राजवाडा मात्र वाचला. तो पाडून विधानभवन बांधायचा बेत २०१९मध्ये उच्च न्यायालयाने अडवला.

दिल्लीत हे आणखी ठळकपणे घडलं. आर्किटेक्ट राज रेवल यांनी अभियंते महेंद्र राज यांच्या रचनेने १९७२ साली बांधलेलं हॉल ऑफ नेशन्स एप्रिल २०१७मध्ये जमीनदोस्त झालं. आता त्याची ओळख मदन महत्तांच्या काळ्या-पांढऱ्या फोटोंतून होते. महत्तांनी ते फोटो वारसा म्हणून काढले नव्हते. आर्किटेक्टने सांगितलेलं काम म्हणून काढले होते.

काय पुसायचं

फोटो काढून झाला की दुसरा दिवस संगणकावर जातो. एकाच जागेवरून कमी-जास्त उजेडाचे पाच-सात फोटो घेतलेले असतात. एकातून आकाश, दुसऱ्यातून आतला उजेड, तिसऱ्यातून रस्त्यावरच्या गाड्यांच्या दिव्यांच्या रेघा असं जुळवत जायचं. यात फसवणूक आहे का? ती म्हणते, डोळाही हेच करतो. मला ते पटतं. त्यापुढचा भाग तितकासा पटत नाही.

ग्राहकाची यादी येते. समोरची वीजतार काढा. फुटपाथवरची टपरी काढा. भिंतीवरचा एसीचा डबा काढा. शेजारच्या प्लॉटवरची क्रेन काढा. डबा, तार ती काढते. भिंतीवरची घाण, ओल्या फरशीची पिवळी पाटीही. टपरीवर अडते. त्या टपरीवर तीन दिवस आम्ही इराणी चहा आणि उस्मानिया बिस्किटं घेतली होती, हा भावनेचा भाग झाला. पण तिचा मुद्दा वेगळा होता: "टपरी काढली की तिथे माणूस का उभा आहे ते कळत नाही. मग माणूसही काढा म्हणतात. मग फुटपाथ एवढा रुंद कशाला, तिथे झाडं टाका म्हणतात. शेवटी मी फोटो काढलेला नसतो, रेंडर केलेलं असतं." क्रेनच्या बाबतीत तिने एक तोडगा काढला आहे. क्रेन असलेला फोटो आणि नसलेला फोटो, दोन्ही देते. नसलेल्याचे पैसे जास्त लावते. बहुतेक जण जास्तीचे पैसे भरतात.

माणसं फोटोत असावीत का, याच्यावर या धंद्यात जुना वाद आहे. बिल्डरला लॅपटॉप घेऊन चालणारे तरुण हवे असतात. काच पुसणारे, दोरीवर लटकणारे, बागेला पाणी घालणारे नको असतात. अपवाद हैदराबादेतच आहे. मुंबईच्या राहुल मेहरोत्रांच्या आरएमए आर्किटेक्ट्सने इथे केएमसी कंपनीची कचेरी बांधली, २०१२ साली. तिला बाहेरून ॲल्युमिनियमच्या जाळीची दुसरी कातडी आहे. त्या जाळीवर मातीविना वाढणाऱ्या वेली, तुषार सिंचन, आणि दोन्ही कातड्यांमधल्या अरुंद बोळांतून माळी हिंडत असतात. आत बसलेल्या साहेबाच्या खिडकीसमोर माळी येतो, दोघांची नजरानजर होते, हीच कल्पना होती. त्यामुळे या इमारतीचे फोटो माळ्यांशिवाय पुरे होत नाहीत. अशी इमारत विरळा. बाकी ठिकाणी बांधणारा फ्रेमच्या बाहेर जातो तो जातोच.

यात मुंबईचा एक जुना हिशेब आहे. कामाठीपुरा हे नाव ज्यांच्यावरून पडलं ते कामाठी तेलंगणातूनच आलेले बांधकाम मजूर. त्यांनी मुंबई बांधली. आज पालमूरचे, म्हणजे महबूबनगर भागातले मजूर पुण्या-मुंबईच्या साइटवर भेटतात, आणि कोकापेटच्या साइटवर मला भेटले ते ओडिशा आणि बिहारचे. त्यातल्या एकाने आपणहून तिला थांबवलं आणि चोविसाव्या मजल्यावरची एक बाल्कनी दाखवून म्हणाला, ती शटरिंग माझी. फोटोत दिसते का? तिने मोठं करून दाखवलं. दिसत होती.

फोटो कुणाचा

इमारतीचा फोटो काढल्याने आर्किटेक्टच्या कॉपीराइटचा भंग होत नाही, असं आपला १९५७चा कायदा साफ सांगतो. रस्त्यावर उभं राहून कुणीही काढावा. पण त्याच कायद्याचं सतरावं कलम फोटोग्राफरला वेगळाच धडा देतं. पैसे देऊन सांगून काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा असतो, करारात उलट काही लिहिलेलं नसेल तर. अमेरिकेतल्या फोटोग्राफरांची रीत अशी, की फोटो आपला ठेवायचा आणि आर्किटेक्टला, कंत्राटदाराला, काचवाल्याला वापराचे हक्क वेगवेगळे विकायचे. आपल्याकडे करारात ते लिहून घेतलं नाही तर एकाच फोटोवर चार कंपन्या जाहिरात करतात आणि फोटो काढणाऱ्याला ते होर्डिंग पाहून कळतं.

ती आता दोन ओळी लिहून घेते. निवडून दिलेले फोटो ग्राहकाचे. न निवडलेले आणि मूळ फाइली तिच्या.

या न निवडलेल्यांचा तिच्याकडे मोठा साठा आहे, शहर आणि तारीख एवढंच नाव घातलेल्या फोल्डरांत. त्यांत कापून टाकलेल्या कडा असतात: शेजारची झोपडी, अर्धा फुटलेला खडक, निळं कुंपण, म्हशी, एखादा ओढा. हैदराबादेत २०२४ साली तलावांवरची अतिक्रमणं हटवायला हायड्रा ही नवी यंत्रणा आली आणि तलावाची पूर्ण भरलेली पातळी नेमकी कुठपर्यंत होती यावरून जागोजाग तंटे पेटले. त्यानंतर काही महिन्यांनी तिला एका वकिलाचा फोन आला. त्याने एका टॉवरचा तिचा जुना फोटो कुठल्याशा ब्रोशरमध्ये पाहिला होता. त्या फोटोच्या डाव्या कडेला, कापलेल्या भागात, पाणी दिसत होतं का आणि तारीख कोणती, एवढं त्याला हवं होतं.

तिने फाइल उघडून पाहिली. पाणी होतं, कुंपणाच्या आतपर्यंत आलेलं. तारीख, वेळ, भिंग, सगळं फाइलीत नोंदलेलं. वकिलाने फी विचारली. टॉवरचे, आतल्या खोल्यांचे, संधिप्रकाशाचे, क्रेन काढण्याचे असे सगळे दर तिच्या दरपत्रकात आहेत, याचा नव्हता.